सोडलेला नंबर

आयुष्यात मला बऱ्याच गोष्टींसाठी अपात्र ठरवण्यात आलं आहे आणि मी ते कधी फारसं मनाला लावून घेतलेलं नाही. शाळेच्या क्रिकेट संघात मी धावफलकाजवळ बसायचो. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा गाणं बसवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "अल्विन, तू दाराशी पुस्तकं वाटशील का?" नोरीनच्या वडिलांच्या मते तर मी लग्नाच्या दिवशीही पात्र नव्हतो, आणि त्यांनी ते केक कापताना चारचौघांत बोलून दाखवलं. पण या सगळ्यांनी मला फुकट अपात्र ठरवलं होतं. दरमहा माझ्याकडून बिल वसूल करून वर अपात्र म्हणणारी ही फोन कंपनी पहिलीच.

कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर तेवढीच तिची जाहिरात.

झालं असं, की माझ्या फोनची बॅटरी म्हातारी झाली. फोन भिंतीला जोडलेला असला तर बोलायचा, सोडवला की दोन वाक्यांत मान टाकायचा. त्यामुळे मी स्वयंपाकघरातल्या प्लगपाशी, दाव्याला बांधलेल्या बैलासारखा उभा राहून बोलायचो. नोरीनला बटाटे सोलायचे असले की ती मला कोपराने सरकवायची. मी सरकलो की वायर निसटायची, आणि वायर निसटली की बाबा अर्ध्या वाक्यात तुटायचे.

बाबा म्हणजे माझे वडील, वॉल्टर हेप्वर्थ. ते ऑसेटला बीचक्रॉफ्ट नावाच्या वृद्धाश्रमात असतात. तिथला संध्याकाळचा चहा झाला, की ते मला रोज फोन करायचे. बोलण्यासारखं काही नसायचंच. "तिकडे पाऊस आहे का रे?" असं विचारायचे. आमच्या दोघांच्या मध्ये एक टेकडी आणि एक मोठं फर्निचरचं दुकान, एवढंच अंतर. त्यांच्या खिडकीवर पडणारा पाऊस माझ्याही खिडकीवर पडत असायचा. मग माझ्या बागेतल्या लीकची चौकशी. लीक म्हणजे आमच्याकडची मनगटाएवढी जाड कांद्याची पात. यॉर्कशरमधल्या माणसाची किंमत त्या जाडीवरून ठरते. मी आयुष्यात कधी लीक लावले नाहीत. लावायचे ते बाबा, त्यांच्या बागेत, आई होती तेव्हा. पण हे रोज कोण समजावून सांगणार? मी एका हाताने कोबी ढवळत "हो बाबा, बरं बाबा" करायचो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी वायर निसटली की पुन्हा लावायला जरा वेळच लावायचो.

अशात एके सकाळी कंपनीचा संदेश आला. 'प्रिय अल्विन, तुमचा नवा फोन तुमची वाट पाहतोय!' सोबत चित्रही होतं. मी हरखून त्यावर बोट ठेवलं, नाव भरलं, जन्मतारीख भरली, आणि उत्तर आलं: 'क्षमस्व. आपण सध्या अपग्रेडसाठी पात्र नाही.'

मुलगी बघायला बोलवायचं आणि फाटकातूनच परत पाठवायचं, त्यातला हा प्रकार.

"बॅटरी बदलून घे ना," नोरीन म्हणाली. "बाजारात तो दुरुस्तीवाला बसतो. तुझा चहा पिऊन होईपर्यंत देईल बदलून."

"प्रश्न बॅटरीचा नाहीये, नोरीन. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व चार्ज होतं का?" तिने विचारलं.

बायकांना तत्त्वाचं काही नसतं, असं मनाशी म्हणून मी दुकानात गेलो. हे मनातलं वाक्य मी आज परत घेतो.

दुकानात कीली नावाची मुलगी होती. तिने माझं खातं उघडलं आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला.

"सर, तुमच्या फोनचा करार संपलाय."

"मग झालं तर!"

"पण गेल्या उन्हाळ्यात याच खात्यावर एक टॅबलेट घेतलाय तुम्ही. त्यामुळे मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली."

टॅबलेट नोरीनने घेतला होता, स्वेटरचे नमुने बघायला. म्हणजे माझा नवा फोन एका बिनबाह्यांच्या स्वेटरने अडवला होता.

"मग हा काचेत ठेवलेला फोन कोणासाठी आहे?"

"नवीन ग्राहकांसाठी, सर."

"मी तुमच्याकडे इतकी वर्षं आहे, की सुरुवात केली तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल. मला नाही, आणि उद्या रस्त्यावरून कोणीही आत आलं की त्याला?"

"तो जुना झाला की त्यालाही नाही मिळणार, सर," कीलीने मला धीर दिला.

मी व्यवस्थापकाला बोलवायला सांगितलं. आतून एक तरतरीत गृहस्थ आले, त्यांनी पडद्यावरचं माझं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हेप्वर्थ? पार्किंगवाले हेप्वर्थ?"

इथे सांगायला हवं, की मी नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात आहे. गाडी चुकीच्या जागी लावून दंड झालेली माणसं आमच्याकडे दयेचे अर्ज करतात. ते वाचून नामंजूर करणं हे माझं काम.

"बायकोला कळा सुरू झाल्या होत्या," ते म्हणाले. "प्रसूतिगृहाच्या दारात गाडी लावली मी. तुमचं उत्तर आलं होतं. पाठ आहे मला. 'आपल्या परिस्थितीबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. तथापि नियम सर्वांना समान आहेत.'"

"काय झालं?" मी विचारलं. "म्हणजे... बाळ?"

"मुलगी. शाळेत जायला लागली आता."

"अभिनंदन."

"आभारी आहे. तुमच्या फोनबद्दल मला सहानुभूती आहे, मिस्टर हेप्वर्थ. तथापि..."

कीलीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी बाहेर पडलो.

घरी आलो तर कुंपणापलीकडे बॅरी ऑल्ड्रॉइड उभा होता. ऑल्ड्रॉइड आमचा शेजारी. कुठल्याही कंपनीकडून काहीही कसं मिळवायचं, हे त्याला ठाऊक असतं. त्याने ते मिळवलेलं मात्र कोणी पाहिलेलं नाही.

"अरे, तू दुकानात कशाला गेलास?" तो कळवळून म्हणाला. "दुकानात बावळट लोक जातात. कंपनीत एक वेगळं खातं असतं. निघालेल्या माणसाचे पाय धरणारं खातं! तू फोन लाव आणि म्हण, 'मी निघालो.' बस. मला त्यांनी नवा फोन दिला, वर बिल कमी केलं, आणि ती बाई जवळजवळ रडली रे."

"आणि खरंच जाऊ दिलं तर?"

"जाऊ देतील? तुझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकाला? वेडा आहेस का! फक्त एक लक्षात ठेव. काही मागायचं नाही. मागितलंस की हरलास. त्यांनी द्यायचं, तू नाही म्हणायचं, त्यांनी आणखी द्यायचं."

मग कुंपणापाशीच आमची तालीम झाली. ऑल्ड्रॉइड कंपनी झाला, मी ग्राहक. मी म्हटलं, "माफ करा, पण कृपया मी जाऊ इच्छितो."

"कृपया काय? शौचालयाला चाललायस का?" कंपनी ओरडली. "छाती काढ! पुन्हा!"

वरच्या खिडकीतून मिसेस ऑल्ड्रॉइड बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. नंतर त्यांनी पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी प्लगपाशी उभा राहून फोन लावला. बासरीसारखं काहीतरी बराच वेळ वाजलं. मधूनमधून एक बाई सांगायची, की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शेवटी कॅलम नावाचा एक तरुण बोलायला आला. स्कॉटलंडचा होता. आवाज इतका गोड, की भांडायला नको वाटावं.

"मी निघालो," मी छाती काढून म्हणालो.

"अरेरे. ऐकून वाईट वाटलं, सर."

मी थांबलो. आता पाय धरतील.

पलीकडे टाइप केल्याचा टकटक आवाज आला. "करतो मी खातं बंद."

"बंद?"

"तुम्ही तसंच म्हणालात ना, सर?"

मागे वळलो तर नोरीन हातातला बटाटा तसाच धरून जोरजोरात मान हलवत होती. त्याच क्षणी 'नाही, गंमत केली' म्हणता आलं असतं. पण ज्या माणसाने आदल्या दिवशी कुंपणापाशी एवढी छाती काढली, त्याला ती पुन्हा आत घेता येत नाही.

"हो," मी म्हणालो. "तसंच म्हणालो."

"ठीक आहे, सर. नंबर सोबत न्यायचाय ना? मी एक कोड पाठवतो, तो नव्या कंपनीला द्या, म्हणजे—"

इथे त्या भल्या मुलाने मला हात दिला होता. पण माझ्या डोक्यात ऑल्ड्रॉइड बसलेला. काही मागायचं नाही.

"मला तुमच्याकडून काहीएक नकोय!"

"नंबरसुद्धा नको?"

"नंबरसुद्धा नको!"

"ऑसेटला बाबांना—" नोरीन मागून काहीतरी म्हणत होती. मी तिला हातानेच गप्प केलं.

"झालं, सर," कॅलम म्हणाला. "आणखी काही मदत करू शकतो का?"

दुसऱ्या कंपनीने माझं जावयासारखं स्वागत केलं. खुर्ची दिली, बिस्किटं दिली, नवाकोरा फोन दिला. त्याचा कॅमेरा इतका स्वच्छ, की माझ्या कानातले केस मला पहिल्यांदा दिसले. नंबरही नवा दिला. मी तो फोन ऑल्ड्रॉइडला कुंपणावरून दाखवला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. हळूहळू त्याच्याकडून हेही निघालं, की त्याची ती रडणारी बाई फोन कंपनीची नव्हतीच. दूध घरी टाकणाऱ्या डेअरीची होती.

पहिल्या संध्याकाळी चहाची वेळ टळली तरी फोन वाजला नाही. मी दोन्ही हातांनी कोबी केला. छान झाला. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे लपवून काय करू? नोरीन एवढंच म्हणाली, "बाबांना कळव." मी म्हटलं, शनिवारी जाणारच आहे, तेव्हा सांगतो.

पुढचे दोन शनिवार कशाकशात गेले. तिसऱ्या शनिवारी गेलो, तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. ओळखलं त्यांनी मला. "अल्विन, दाढी नीट केली नाहीस," म्हणाले. मी त्यांच्या फोनवर नवा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवला आणि त्यांच्याकडून वाचून घेतला.

आता बाबांच्या आणि आकड्यांच्या नात्याबद्दल सांगायला हवं. आठवडाभर ते लोकरीच्या गिरणीत असायचे, पण शनिवारी रात्री कामगार क्लबात हाऊझीचे नंबर तेच पुकारायचे. बावीस म्हणजे दोन बदकं, अठ्ठ्याऐंशी म्हणजे दोन जाड्या बाया, आणि अकरा आला की पाय, मग सगळा हॉल शिट्ट्या मारायचा. माझा जुना नंबर त्यांना तसा पाठ होता. बदकं, बाया, पाय असं गुणगुणत ते बटणं दाबायचे. कोणी जेवायला काय होतं विचारलं तर आठवायचं नाही, आईला जाऊन किती काळ झाला तेही नाही, पण हा नंबर पक्का.

नवा नंबर त्यांनी वाचला आणि कागद दूर सारला.

"हा कुठला? यात एकही धड नाही. बदकं कुठायत?"

"बदकं गेली, बाबा. आता हा."

"हा मी पुकारला असता तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "आणि कशाला हवाय नवा? काल झालं की आपलं बोलणं. तू म्हणालास, लीक झकास आलेत."

मला वाटलं, भ्रम वाढला. बाहेर पडताना तिथल्या इमेल्डा नावाच्या परिचारिकेला तसं म्हणालो.

"भ्रम कसला?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी बोलतात. हल्ली तर हसतातसुद्धा."

"कोणाशी?"

"तुमच्याशीच ना?" ती माझ्याकडे बघत राहिली.

मी गाडीत बसलो आणि नव्या फोनवरून माझाच जुना नंबर लावला. आपल्याच दारावर टकटक करायची आणि आतून दुसऱ्याने कोण आहे म्हणून विचारायचं, तसं वाटलं.

"लिंडन ओक्स बोलतोय, ड्रायव्हिंग स्कूल, ग्रिम्सबी," आवाज आला. "एक मिनिट हं. तेरेसा, आरसा बघ. आरसा. शाब्बास. बोला."

मी कोण ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ गाडीच्या सिग्नलची टिकटिक ऐकू येत राहिली.

"तेरेसा, डावीकडे घे आणि थांबव," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "वाटलंच होतं, कधीतरी तुम्ही फोन कराल."

त्याने धंद्यासाठी लक्षात राहील असा नंबर मागितला होता, आणि कंपनीने माझा नुकताच सुटलेला नंबर त्याला दिला. त्याच संध्याकाळी पहिला फोन आला. "मी राँग नंबर म्हणालो. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, 'अल्विन, माझ्यावर रागावलायस का रे?' काय करणार? म्हटलं, नाही बाबा, रागावलो नाही."

"आणि लीक?"

"ते त्यांनीच विचारलं. नाहीत म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं. आता मात्र ते फारच वाढलेत. पुढे त्यांचं काय करायचं, मला कळत नाहीये." तो अवघडून हसला. "फोन गाडीच्या स्पीकरवर असतो. माझी शिकाऊ मुलंसुद्धा ऐकतात. तुमचे बाबा गिरणीतल्या संपाचं सांगायला लागले की तेरेसा घाबरायची विसरते. गोल चौक पहिल्यांदा नीट पार केला तिने तेव्हा."

गिरणीत संप झाला होता, हे मला माहीतच नव्हतं.

"तुमचे वडील..." मी विचारलं.

"आहेत. स्पेनला असतात. फोन नाही करत."

माणूस चांगला होता. नंबर त्याने गाडीच्या छतावरच्या फलकावर रंगवून घेतला होता, तरी परत द्यायला तयार झाला. मग मी जुन्या कंपनीला फोन लावला. त्यांनी सांगितलं, की मी त्यांचा ग्राहक नसल्यामुळे ते माझ्याशी बोलू शकत नाहीत. लिंडनने स्वतः फोन केला. त्याला सांगण्यात आलं, की नंबरची अदलाबदल पुढच्या अपग्रेडच्या वेळी करता येते, आणि तो नवीन ग्राहक असल्यामुळे अपग्रेडसाठी अजून पात्र नाही. मी तक्रार पाठवली. उत्तर आलं. त्यात त्यांना माझ्या परिस्थितीबद्दल सहानुभूती होती. तथापिही होतं.

त्यानंतर ऑफिसात समोर आलेल्या पहिल्याच अर्जावर मी 'मंजूर' असं लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, बरं वाटत नाहीये का. पुढचा नामंजूर केला.

शेवटी मी असं ठरवलं, की फोन राहू दे, आपणच जावं. ऑफिस सुटलं की परस्पर ऑसेट. चहाच्या वेळेला बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं. हे खरं तर आधीही करता आलं असतं. मध्ये एक टेकडी आणि एक फर्निचरचं दुकान, बस.

पण तोवर हिवाळा लागला होता आणि बाबा भराभर आत आत चालले होते. कधी मला अल्विन म्हणायचे, कधी क्लबचा खजिनदार समजून शनिवारची बक्षिसं ठरली का विचारायचे. खजिनदार बरा माणूस असावा, कारण माझा पाहुणचार चांगला व्हायचा. मी गिरणीतल्या संपाचं विचारलं तर म्हणाले, "ते घरचं आहे. मुलाला सांगितलंय."

परवा असाच बसलो होतो. कप बाजूला ठेवून त्यांनी फोन ओढला. मी म्हटलं, "बाबा, मी इथेच आहे की."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "एक मिनिट हं, खजिनदार. मुलाला फोन करायचाय."

बटणं दाबली. पलीकडून लिंडनचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, बाबांचा फोन मोठ्या आवाजावरच असतो. तिकडे पाऊस होता. बाबा म्हणाले, इकडेही आहे. मग ते आईबद्दल बोलले. लग्नाआधी तिला पहिल्यांदा समुद्रावर नेलं, तिचा बूट लाटेत गेला आणि त्यांनी तिला बसपर्यंत उचलून आणलं, ते सगळं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबा थांबले की लिंडन एवढंच म्हणायचा, "मग?"

शेवटी बाबांनी एकदम फोन माझ्यापुढे केला. "घ्या. तुम्हीही बोला माझ्या मुलाशी."

मी घेतला.

"मी आहे," मी म्हणालो.

"कळलं," लिंडन हळू आवाजात म्हणाला. "माफ करा हो. मी बंद करू का हे? तुम्ही म्हणाल तर उद्यापासून उचलत नाही."

बाबा माझ्या तोंडाकडे कौतुकाने बघत होते. आपला मुलगा लोकांना आवडतो की नाही, हे बघताना माणूस बघतो तसे.

"नाही," मी म्हणालो. "उचला. उद्याही उचला."

फोन ठेवून बाबांनी थंड झालेला चहा पुढे ओढला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मध्यंतरी फार घाईत असायचा. अर्ध्यातच फोन ठेवायचा."

"कामात असेल," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले. "पण आता सुधारलाय."